डोळ्याच्या ऑपरेशनमध्ये ड्रेपखाली रुग्णाचा श्वास मोकळा कसा ठेवावा

मोतीबिंदूची फेको शस्त्रक्रिया (बारीक छेदातून ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढण्याची) सरावाच्या हातात पंधरा-वीस मिनिटांत उरकते, आणि बहुतेक ठिकाणी ती नुसत्या थेंबांवर किंवा डोळ्याभोवती दिलेल्या इंजेक्शनच्या ब्लॉकवर होते. म्हणजे रुग्ण पूर्ण जागा असतो, बधिर असतो तो फक्त डोळा. नाक आणि तोंड मात्र ड्रेपखाली, म्हणजे डोळा सोडून बाकी चेहरा झाकणाऱ्या प्लॅस्टिकच्या चिकट आवरणाखाली, झाकले गेलेले असते. ऑपरेशन कसे झाले असे दुसऱ्या दिवशी पट्टी काढताना विचारले, तर डोळा दुखल्याची तक्रार क्वचित ऐकू येते. त्यापेक्षा "जीव गुदमरला होता हो" हे वाक्य पुष्कळदा ऐकायला मिळते. ही तक्रार भित्र्या स्वभावाच्या खात्यावर टाकून मोकळे होण्याची सवय ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, फार खोल रुजलेली आहे. ड्रेपखाली चाळवाचाळव करणारा रुग्ण घाबरलेला आहे, हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढावा. आधी त्याच्या नाकासमोरची हवा तपासावी, अशी माझी ठाम भूमिका आहे आणि पुढचे सगळे त्याच क्रमाने मांडले आहे.

प्रथम ड्रेपखाली काय घडते ते पाहू. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण ०.०४ टक्क्याच्या आसपास असते, तर आपण सोडलेल्या श्वासात ते सुमारे ४ टक्के असते. विश्रांतीत पडून असलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण २०० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. आता चेहऱ्याभोवतीची पोकळी सगळीकडून बंद आहे आणि तिच्यात नळीने मिनिटाला ५ लिटर ऑक्सिजन सोडला आहे असे धरले, तर हिशेब सरळ आहे: ५ लिटरमध्ये २०० मिलिलिटर, म्हणजे पोकळीतील कार्बन डायऑक्साइड ४ टक्क्यांकडे सरकत जाणार. प्रवाह १० लिटर केला तर २ टक्के, आणि तो १ टक्क्यावर रोखायचा असेल तर मिनिटाला २० लिटर ताजा वायू लागेल. प्रत्यक्षात ड्रेप इतका घट्ट बंद नसतो, कडांखालून हवा ये-जा करते आणि म्हणून आकडे एवढे चढत नाहीत. पण नाकाशी २-३ लिटर ऑक्सिजन लावला की श्वासाची सोय झाली, हा समज किती तोकडा आहे ते या हिशेबातून दिसते. ग्वाल्हेरच्या जानेवारीत डोक्यावरून रजई ओढून झोपलेला माणूस थोड्याच वेळात नाक बाहेर काढतो, तेव्हा रजईखालचा ऑक्सिजन संपलेला नसतो. साचलेली ऊब, दमटपणा आणि कार्बन डायऑक्साइड त्याला सोसवत नाहीत. ड्रेपखालच्या माणसाला नाक बाहेर काढता येत नाही, एवढाच फरक.

पल्स ऑक्सिमीटर येथे दिशाभूल करतो. बोटाला लावलेला तो चिमटा फक्त रक्तातील ऑक्सिजन सांगतो. वरून ऑक्सिजन चालू असेल तर पडद्यावर ९९ हा आकडा शांतपणे झळकत राहतो आणि त्याच वेळी कार्बन डायऑक्साइड चढत असतो. रुग्ण "दम कोंडतोय" म्हणतो, सिस्टर मॉनिटरकडे पाहून "काकू, तुमचा ऑक्सिजन अगदी छान आहे" असे उत्तर देतात, आणि दोघीही आपापल्या जागी खऱ्या असतात. श्वासाची गती आणि खोली वाढणे, नाडी जलद होणे, रक्तदाब चढणे, कपाळाला घाम, डोके दुखणे, हातपाय हलवणे ही चिन्हे त्या आकड्यापेक्षा अधिक खरे बोलतात.

यात सर्जनचाही थेट संबंध आहे. कार्बन डायऑक्साइड वाढला की डोळ्याच्या मागच्या थरातील, म्हणजे कोरॉइडमधील, रक्तवाहिन्या रुंदावतात, तो थर फुगतो आणि उघड्या डोळ्यात मागून दाब येऊ लागतो. पुढचा कप्पा उथळ होतो, आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा) जखमेकडे ढकलली जाते, भिंगामागचे नाजूक आवरण वर येते. खोकला आला किंवा रुग्णाने श्वास रोखून कुंथल्यासारखे केले तर हाच दाब एका क्षणात वाढतो. त्यामुळे श्वासाची सोय हा निव्वळ भलेपणाचा भाग ठरत नाही. ती शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेचीच एक पायरी आहे.

या पायरीची सुरुवात ओटीच्या बाहेर होते. आपल्याकडे मोतीबिंदू थंडीत काढावा अशी लोकांची पक्की समजूत आहे. जखम चिघळत नाही, पट्टीखाली घाम येत नाही, शेतीची कामे आटोपलेली असतात, अशी कारणे सांगतात. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांतले आजी-आजोबा असोत की भिंड, मुरैना, दतियाकडून येणारे शेतकरी असोत, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत यादी भरलेली असते. आजच्या तंत्रात ऋतूचे बंधन उरलेले नाही, हे आपण कितीही सांगितले तरी गर्दी हटत नाही. श्वासाच्या दृष्टीने मात्र हेच दिवस सगळ्यात वाईट आहेत. सकाळी धुके, घरात शेकोटीचा किंवा चुलीचा धूर, जुन्या बिडीने पोखरलेली फुफ्फुसे आणि त्यावर सर्दी-खोकला, असा माणूस पाठीवर सपाट झोपतो तेव्हा ड्रेप घालण्याआधीच त्याची अर्धी दमछाक झालेली असते. तपासणीच्या दिवशी फक्त साखर आणि रक्तदाब पाहून तारीख देऊ नये. रात्री किती उशा घेऊन झोपता, जिना चढताना धाप लागते का, खोकला कोरडा की कफाचा, हे विचारावे. रक्तदाबासाठी एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिल चालू असेल तर कोरडा खोकला त्या गोळीचाही असू शकतो, आणि गोळी बदलण्याचा निर्णय त्यांच्या फिजिशियनकडून आधीच करून घेता येतो. कफाचा ताजा खोकला असेल तर दोन-तीन आठवडे थांबावे; मोतीबिंदू तेवढा थांबतो.

एक साधी चाचणी मला फार उपयोगी वाटते. रुग्णाला वॉर्डातल्या पलंगावर, ऑपरेशनला ठेवणार तेवढ्याच उंचीच्या उशीवर उताणे झोपवावे, चेहऱ्यावर पातळ टॉवेल सैल पसरावा आणि अर्धा तास तसेच राहू द्यावे. जवळ घरचे माणूस बसलेले असावे. दहाव्या मिनिटाला उठून बसणारा रुग्ण येथेच कळतो, आणि त्याच्यासाठी टेबलाची डोक्याकडची बाजू उचलणे, छातीच्या डॉक्टरांचा सल्ला घेणे किंवा थेट पूर्ण भूल देणे यांचा विचार शांतपणे करता येतो. अजिबातच सपाट झोपू न शकणाऱ्या रुग्णाचे ऑपरेशन बसत्या स्थितीत, मायक्रोस्कोप तिरका करूनही करता येते. मात्र ते त्या पद्धतीचा हात बसलेल्या सर्जननेच करावे. दम्याच्या रुग्णाने पंप सोबत आणावा आणि टेबलावर जाण्यापूर्वी घ्यावा. त्याच्या कागदावर "टिमोलॉल नको" असे ठळक लिहावे, कारण डोळ्याचा दाब कमी करणारा हा थेंब नाकात उतरून रक्तात जातो आणि दमा उसळवू शकतो. लघवी वाढवणारी सकाळची गोळी किंवा डोळ्याचा दाब उतरवण्यासाठी दिलेली अ‍ॅसिटाझोलामाइड घेतली असेल तर टेबलावर चढण्याच्या ऐन आधी लघवीला पाठवावे. भरलेले मूत्राशय रक्तदाब वाढवते, अस्वस्थता वाढवते, आणि त्याचे खापर पुन्हा भीतीवर फुटते.

टेबलावर घेतल्यावर घाई करू नये. डोके रिंगमध्ये नीट बसवून, शक्य असेल तेथे टेबल १० ते १५ अंशांनी डोक्याकडे उंच करावे आणि मान त्या मानाने किंचित मागे घेऊन डोळा मायक्रोस्कोपखाली आडवा आणावा. गुडघ्यांखाली गुंडाळलेली चादर किंवा लोड दिला की कंबर सैल पडते आणि पोटाच्या श्वासाला जागा मिळते. म्हाताऱ्या माणसाची निम्मी चुळबुळ कंबरेची असते. नथ, चमकी, कानातले उतरवून ठेवावे, कारण चिकट ड्रेप काढताना ते ओढले जातात. कानाचे यंत्र मात्र उतरवू नये. ऑपरेशनच्या विरुद्ध बाजूचे तरी कानातच राहू द्यावे, नाहीतर आपण दिलेली एकही सूचना आत पोहोचणार नाही. ज्या बाजूचा डोळा आहे त्या कानात कापसाचा बोळा घालावा. धुण्याचे पाणी कानात शिरले की रुग्ण दचकतो, आणि दचकलेल्या रुग्णाचे डोके हलते. थंडीत पायांवर ब्लँकेट टाकावे. कुडकुडणेही हालचालच आहे.

मग बोलणे. ड्रेप अंगावर पडण्यापूर्वी, रुग्णाचा चेहरा दिसत असताना, पुढे काय होणार ते त्याच्या भाषेत सांगावे. घरात मराठी बोलणाऱ्या आजींना मराठीत, मुरैनाहून आलेल्या बाबांना हिंदीत. ग्वाल्हेरच्या ओटीत हे दोन्ही एकाच सकाळी करावे लागते. "आजी, आता तोंडावरून एक प्लॅस्टिक येईल. खाली हनुवटीकडे ते उघडं आहे, तिकडून गार हवा येत राहील. खोकला आला, काही टोचलं, काही सांगायचं असलं, तर मान हलवू नका. हा हात दाबा, मी इथंच आहे." एवढे पुरते. यातील गार हवेचा उल्लेख महत्त्वाचा आहे, कारण पुढे गालावर झुळूक लागली की तिला सांगितलेले खरे होत असल्याचा पुरावा मिळतो. हातात धरायला माणूस नसेल तर दाबल्यावर वाजणारे रबरी खेळणे द्यावे. त्याला हसू नये.

आता मुख्य काम, म्हणजे ड्रेप. एक सूत्र सांभाळायचे: डोळ्याकडे पूर्ण बंद, हनुवटीखाली पूर्ण मोकळे. त्वचेवर १० टक्के आणि डोळ्यात ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन घालून झाल्यावर भुवई, नाकाची कड आणि गाल चक्क कोरडे टिपून घ्यावेत, कारण ओल्या त्वचेवर गोंद धरत नाही. ड्रेपचा चिकट भाग नाकाच्या कडेवर बोटाने दाबून बसवावा. तेथे फट राहिली तर दोन तोटे होतात. तोंडातून आलेली वाफ डोळ्याकडे जाऊन मायक्रोस्कोपची भिंगे धुरकट करते, आणि श्वासाबरोबर नाकातोंडातले जंतूही शस्त्रक्रियेच्या जागेपाशी पोहोचतात. दाढीवाल्या गृहस्थांच्या गालावर गोंद बसत नाही, तेथे एक जादा चिकटपट्टी लावावी.

त्यानंतर खालचा भाग. ड्रेप छातीकडे सोडण्यापूर्वी तो तोंडापासून उचलून धरणारा काही आधार तेथे आधीच बसवलेला हवा. टेबलाच्या कडेच्या पट्टीला अडकवता येणारी स्टीलच्या नळीची कमान मला सगळ्यात पसंत आहे. अशी कमान शहरातला कोणताही फॅब्रिकेटर मापाने वाकवून देतो, तिला महागडे नाव असण्याची गरज नाही. ती हनुवटी आणि छातीच्या मध्ये, तोंडापासून वीतभर उंच असावी. त्याहून उंच केली तर सर्जनच्या हाताला आणि मायक्रोस्कोपला अडते. खाली केली तर ड्रेप पुन्हा ओठांवर टेकतो. ती ड्रेपच्या खाली राहते, म्हणून निर्जंतुक असण्याची आवश्यकता नाही, पण प्रत्येक रुग्णानंतर पुसलेली असावी. कमान नसेल तर उपकरणे ठेवायची मेयो ट्रॉली छातीवर आणून तिच्यावरून ड्रेप सोडावा. ड्रेपची खालची कड टेबलाच्या दोन्ही बाजूंना खोचून टाकण्याची जी सवय असते ती मोडावी. सर्जन ज्या बाजूला बसले आहेत त्याच्या समोरची बाजू आणि पायांकडची कड उघडी ठेवावी, म्हणजे एकीकडून हवा आत आणि दुसरीकडून बाहेर असा रस्ता तयार होतो. बसवून झाल्यावर त्या मोकळ्या बाजूला वाकून स्वतः आत पाहावे. रुग्णाची हनुवटी आणि ओठ दिसले, आणि त्यांना आपला चेहरा दिसला, तर ड्रेप बरोबर बसला आहे.

आत काय सोडावे, याबद्दल माझी निवड स्पष्ट आहे. ज्या रुग्णाचे सॅच्युरेशन, म्हणजे ऑक्सिमीटरवरचा आकडा, साध्या हवेवर ९४ किंवा त्याहून वर आहे, त्याला बहुधा ऑक्सिजन लागत नाही. त्याला लागते ती वाहती हवा. मेडिकल एअरची (नळीतून येणाऱ्या शुद्ध हवेची) सोय असेल तर मोठ्या भोकाची नळी हनुवटीजवळ चिकटवून मिनिटाला १० ते १५ लिटर हवा सोडावी. झोत थेट नाकपुडीत किंवा दुसऱ्या डोळ्यावर जाऊ नये, गालावरून जावा. दुसरे साधन प्रत्येक ओटीत असूनही क्वचितच वापरले जाते, ते म्हणजे सक्शन. सक्शनच्या नळीचे टोक गॉझमध्ये सैल गुंडाळून दुसऱ्या गालाशी ठेवावे आणि चालू करावे. ते साचलेली हवा ओढून बाहेर टाकते आणि उघड्या कडेकडून ताजी हवा आत येते. उघडी कड नसेल तर मात्र सक्शन ड्रेपच तोंडाकडे ओढते, म्हणून आधी रस्ता, मग सक्शन. आवाजाचा त्रास होतो अशी तक्रार येते. रुग्णाला आधी सांगून ठेवले तर ती राहत नाही. खरोखर ऑक्सिजनची गरज असलेल्यांना नाकातल्या नळीने २ लिटरपासून द्यावा. जुनाट श्वासविकाराच्या, कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवणाऱ्या रुग्णांमध्ये ८८ ते ९२ हे सॅच्युरेशन पुरेसे धरतात. तेथे ९९ गाठण्याचा हट्ट नुकसान करतो. कॅप्नोग्राफ, म्हणजे श्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र, उपलब्ध असेल तर त्याची बारीक नळी नाकाशी लावावी. ड्रेपखाली त्याचा आकडा नेमका नसतो, पण प्रत्येक श्वास पडद्यावर दिसतो, आणि श्वास घेताना रेषा शून्यावर उतरत नसेल तर रुग्ण आपलीच सोडलेली हवा पुन्हा ओढतो आहे हे उघड होते.

ऑक्सिजनबद्दल सावधगिरीचे आणखी एक कारण आग हे आहे. प्लॅस्टिकखाली साचलेला ऑक्सिजन, कोरडा कापूस, केस आणि कॉटरीची, म्हणजे रक्तवाहिन्या विजेने डागणाऱ्या उपकरणाची, ठिणगी एवढे साहित्य एकत्र आले की चेहऱ्यावर भडका उडायला क्षण लागत नाही. पापणीच्या शस्त्रक्रियांमध्ये हा धोका अधिक असतो, कारण तेथे कॉटरी जास्त वापरली जाते आणि नाकाजवळ वापरली जाते. ड्रेपखालचा ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये. कॉटरी लागणार असेल तर ती बायपोलर (वीज फक्त चिमट्याच्या दोन टोकांमध्ये खेळवणारी) असावी. सर्जनने तसे आधी मोठ्याने सांगावे, ऑक्सिजन बंद करावा, ड्रेपची कड उचलून एक-दोन मिनिटे हवा जाऊ द्यावी आणि मगच पायडल दाबावे. स्पिरिट असलेले द्रावण वापरले असेल तर ते पूर्ण वाळल्याशिवाय ड्रेप घालूच नये.

ऑपरेशन चालू असताना एका व्यक्तीचे काम फक्त रुग्णाकडे पाहणे एवढेच असावे. भिंग उघडून देणारी, फोन घेणारी आणि फाइल भरणारी सिस्टर हे काम करू शकत नाही. तिने उघड्या बाजूला स्टुलावर बसावे, एक हात रुग्णाच्या मनगटावर ठेवावा आणि दर दोन-तीन मिनिटांनी हलक्या आवाजात एखादे वाक्य बोलावे. प्रश्न विचारू नयेत. उत्तर देताना जबडा हलतो आणि जबड्याबरोबर डोळा. रुग्णाने हात दाबला तर क्रम ठरलेला असावा. सर्जनला "थांबा" सांगणे, त्यांनी उपकरणे डोळ्याबाहेर घेणे, निर्जंतुक नसलेल्या माणसाने ड्रेपची खालची कड खालूनच वर उचलणे, हवेचा प्रवाह वाढवणे, आणि मग विचारणे: श्वास, खोकला, लघवी, कंबर की दुखणे? बहुतेक वेळा कड उचलल्यावर अर्ध्या मिनिटात खांदे सैल पडतात आणि काम पुढे सुरू होते. खोकला यायचाच असेल तर डोळा सुरक्षित करून मोकळेपणाने खोकू द्यावा; दाबून ठेवलेला खोकला अवेळी फुटतो.

याच्या उलट चित्र अधिक घातक आहे. ब्लॉक दिल्यानंतर काही मिनिटांत रुग्ण एकदम गप्प झाला, जड जिभेने बोलू लागला, श्वास मंद झाला, तर तो शांत झोपला असे समजू नये. औषध नेत्रमज्जातंतूच्या आवरणातून मेंदूच्या मुळाशी पोहोचण्याचा प्रकार दुर्मीळ आहे, पण त्यात श्वास थांबू शकतो. अशा वेळी ड्रेप पूर्ण काढून टाकून अँब्यू बॅगने श्वास देण्याची तयारी लागते. म्हणून ब्लॉकनंतर लगेच तोंड झाकू नये. दहा मिनिटे रुग्णाशी बोलत राहावे आणि मगच ड्रेप घ्यावा.

झोपेच्या इंजेक्शनाची आठवण या सगळ्यानंतर यावी. कोंडलेल्या हवेमुळे तळमळणाऱ्या माणसाला मिडाझोलाम दिले तर त्याचा श्वास आणखी उथळ होतो, कार्बन डायऑक्साइड आणखी वाढतो, आणि गोंधळलेला वृद्ध अर्धवट गुंगीत उठून बसू पाहतो. ज्याला बंद जागेची खरोखरच भीती आहे त्याला थोडी मात्रा देणे योग्य आहे, पण ती भूलतज्ज्ञाने, ड्रेप घालण्यापूर्वी, चेहरा डोळ्यांसमोर असताना द्यावी.

डोळ्याच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) शस्त्रक्रिया तास-दीड तास चालतात. तेथे हवा आणि सक्शन सुरुवातीपासूनच लावावे, तक्रारीची वाट पाहू नये. शेवटी ड्रेप सोलताना तो कपाळाकडून गालाकडे, त्वचा एका हाताने धरून हळू काढावा आणि तोंडावरचा घाम पुसून द्यावा. रुग्णाला कुशीवर वळवून दोन मिनिटे टेबलाच्या कडेला बसवावे, आणि उभे त्यानंतर करावे. केसपेपरवर उशीची उंची, टेबलाचा कोन, हवेचा प्रवाह, किती मिनिटांनी अस्वस्थता आली आणि कशाने गेली, हे दोन ओळींत लिहून ठेवावे, कारण याच माणसाचा दुसरा डोळा पुढच्या थंडीत यायचा असतो आणि त्या दिवशी टेबलाशी दुसरीच सिस्टर उभी असेल.